आणीबाणीचा पेनड्राइव्ह : पाच मशिनं आणि माझ्या चुका

भाऊबीजेला कराडला ताईकडे गेलो. ओवाळून झालं, फराळाचं ताट पुढे आलं आणि पाठोपाठ लॅपटॉपही आला. ‘बघ रे, चालूच होत नाहीये.’ दुरुस्तीचा निळा पडदा यायचा, मशीन रिस्टार्ट व्हायचं, पुन्हा तोच पडदा. माझ्याकडे काहीच साधन नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने तो एका दुकानात दिला. त्यांनी ८०० रुपये घेऊन विंडोज नव्याने टाकून दिलं आणि भाच्याच्या बारशापासूनचे सगळे फोटो पुसले गेले. विंडोज बिघडलं म्हणून फायली जात नाहीत. दुसऱ्या सिस्टीमवरून मशीन चालू केलं की त्या काढून घेता येतात. मला हे माहीत होतं, पण पेनड्राइव्ह तयार नव्हता. घरातली आणि नात्यातली मिळून पाच मशिनं माझ्या गळ्यात आहेत, त्या सगळ्यांना चालेल असा एक पेनड्राइव्ह करायचा ठरवलं. त्या नोंदी.

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

ऑफिसात दिवाळीच्या भेटीत मिळालेला १२८ जीबीचा पेनड्राइव्ह घरात पडून होता. फुकटचं आहे, वापरू म्हटलं.

प्रत्येक आयएसओसाठी (अख्खी सिस्टीम मावलेली एक फाईल) वेगळा पेनड्राइव्ह करण्यापेक्षा व्हेंटॉय हा प्रोग्रॅम घेतला. तो एकदा बसवला की आयएसओ फायली नुसत्या कॉपी करायच्या. मशीन चालू करताना त्यांची यादी येते, हवी ती निवडायची. बसवायला मिनिटही लागलं नाही. मेमटेस्ट, सिस्टीमरेस्क्यू ही तपासणीची साधनं आणि लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम टाकून पाहिलं, यादी आली, मिंट उघडलं. ‘झालं तयार’ असं बायकोला सांगून टाकलं.

मग विंडोज ११ ची साडेपाच जीबीची फाईल टाकली आणि यादी येणंच बंद झालं. व्हेंटॉय पुन्हा बसवला, यादी आली. फायली भरल्या, यादी गेली. तीन वेळा हाच खेळ. पोर्ट बदलले, बायोसमधली, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधली सेटिंगं बदलली, व्हेंटॉयला शिव्या घातल्या. शनिवार संपला.

२६ ऑक्टोबर, रविवार

रात्री एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम लावून झोपलो होतो. तो पेनड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. सकाळी निकाल : १२८ पैकी खरे जेमतेम सात जीबी. बाकी नुसता आकडा.

यादी का जात होती तेही लक्षात आलं. व्हेंटॉय स्वतःचा ३२ एमबीचा भाग ड्राइव्हच्या अगदी शेवटी ठेवतो. नकली ड्राइव्हला खरं शेवट नसतंच. शेवटचा म्हणून दिलेला पत्ता फिरून त्याच सात जीबीत कुठेतरी पडत असणार. तिथवर फायली पोचल्या की त्या व्हेंटॉयवरच बसायच्या.

नवा पेनड्राइव्ह, कोणाचाही असो, आधी हा तपास. दीड दिवस गेल्यावर सांगतोय.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दुकानातून बिल घेऊन ६४ जीबीचा घेतला, ५२० रुपये. एच२टेस्टडब्ल्यूला अडीच तास लागले. पेनड्राइव्ह खरा निघाला, पण लिहिण्याचा वेग सेकंदाला आठ एमबी. म्हणजे कासव. चालेल, रोज लिहायचं नाहीये.

व्हेंटॉय बसवताना पर्यायांत एमबीआर की जीपीटी (डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवायची जुनी आणि नवी पद्धत) असं विचारतो. आपसूक एमबीआर असतं. मी नवीन ते चांगलं म्हणून जीपीटी केलं. या शहाणपणाची किंमत पुढच्या रविवारी मोजली.

आत काय टाकलं : फायली काढायला मिंट, डिस्कच्या दुखण्यांसाठी सिस्टीमरेस्क्यू, रॅम तपासायला मेमटेस्ट८६ प्लस (सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत असलेल्या मशिनांवरही चालतं), अख्ख्या डिस्कची प्रत करायला क्लोनझिला, आणि विंडोज १० व ११ दोन्ही. सगळं मिळून १७ जीबीच्या आसपास.

मिंट डाउनलोड होत असताना लाईट गेली होती, राउटर बंद पडला, नंतर डाउनलोड पुढे चालू झालं आणि फाईल पूर्ण झाल्यासारखी दिसली. शंका आली म्हणून विंडोजच्या सर्टयुटिल आज्ञेने एसएचए२५६, म्हणजे फाईलचा ठसाच म्हणावा असा आकडा, काढून मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. जुळला नाही. पुन्हा उतरवली. ही फाईल तशीच राहिली असती तर नेमकी गरजेच्या वेळी अर्ध्यात लटकली असती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. मशीन पहिलं : घरचा लॅपटॉप

पेनड्राइव्ह लावून चालू केला तर निळ्या पडद्यावर सिक्युअर बूटची (अनोळखी सिस्टीम चालू होऊ न देणारी सोय) तक्रार. इथे करायचं असतं ते सोपं : त्याच पडद्यावर ‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’ घ्यायचं, व्हेंटॉयच्या छोट्या भागातली किल्लीची फाईल निवडायची, रिस्टार्ट. त्या मशीनवर एकदाच करावं लागतं.

मी ते वाचलं नाही. घाईने बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद केलं. पेनड्राइव्ह चालला. खूश होऊन तो काढला, विंडोज चालू केलं आणि समोर बिटलॉकर : ४८ आकडी रिकव्हरी की टाका.

आमची डिस्क कुलूपबंद आहे हेच मला ठाऊक नव्हतं. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरुवात केली की हे कुलूप आपोआप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. खातं कोणाचं? लेकीचं, कारण दुकानातून आणल्यावर लॅपटॉप तिने सुरू केला होता. ती पुण्यात हॉस्टेलवर. रात्री पावणेबाराला फोन.

‘बाबा, सहा-सहा आकड्यांचे आठ गट आहेत. लिहून घ्या.’

‘सांग.’

‘आणि बाबा, तुम्ही नक्की काय केलंत?’

पाचव्या गटात मी एक आकडा चुकवला, सगळं पुन्हा वाचून घेतलं. विंडोज उघडलं. नंतर कळलं की सिक्युअर बूट नुसतं परत चालू केलं असतं तरी किल्ली न मागता उघडलं असतं.

पण झालं ते बरंच झालं. पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून हीच डिस्क उघडायला गेलो तर तिथेही तीच किल्ली लागते. किल्ली नसेल तर जगातला कुठलाही पेनड्राइव्ह फायली काढून देत नाही. आता ती कागदावर आहे, कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत. पेनड्राइव्हवर ठेवायची नाही, तो दहा जणांच्या हातात फिरणार.

२ नोव्हेंबर, रविवार. मशीन दुसरं : काकांचा डेस्कटॉप

तुळशीच्या लग्नाला सांगलीला गावभागात काकांकडे गेलो होतो, पेनड्राइव्ह खिशात. त्यांचं मशीन पुराणवस्तू आहे : दोन जीबी रॅम, जुनं बायोस, यूईएफआयचा पत्ता नाही. काका त्यावर पंचांग आणि भजनांच्या पीडीएफ बघतात आणि ते बदलायला ठाम नकार देतात.

पेनड्राइव्ह दिसेचना. पुढचा यूएसबी पोर्ट मेलेला होता, हे कळायला वीस मिनिटं. मागच्या पोर्टात लावला तरी बूटच्या क्रमात ‘यूएसबी’ कुठे नाही. या जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह हार्ड डिस्कच्याच यादीत लपलेला असतो. ‘हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी’ उघडून तिथे त्याला वर आणावा लागतो. आणला. काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ, पुढे काही नाही.

जीपीटी. काही जुन्या बायोसना जीपीटीची डिस्क पचत नाही. व्हेंटॉयमध्ये ते बदलायचं म्हणजे पेनड्राइव्ह पुसून नव्याने बसवणं, सगळ्या फायली पुन्हा भरणं. फायली घरी. तिथे काही करता आलं नाही. काकू म्हणाल्या, ‘राहू दे, ऊस खा.’

रात्री घरी येऊन एमबीआर करून सगळं पुन्हा भरलं, पाऊण तास. पुढच्या शनिवारी परत गेलो, यादी आली. पण दोन जीबी रॅमवर मिंट रांगत होतं, म्हणून अँटीएक्स हे हलकं लिनक्स जास्तीचं टाकलं. जाता जाता एक : मशीनचं घड्याळ दर वेळी मागे जायचं आणि ब्राउझर कुठलीच साइट उघडू देत नव्हता. काका याला ‘इंटरनेट खराब’ म्हणत होते. सीआर२०३२ ची बटणबॅटरी, ४० रुपये. काकांच्या लेखी महिनाभराच्या कामातलं एवढंच खरं काम.

९ नोव्हेंबर, रविवार. तिसरं आणि चौथं

ताईचा लॅपटॉप एसरचा. एफ१२ दाबून बूट मेनू येतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण बऱ्याच एसरमध्ये तो मेनू बायोसमध्येच बंद असतो. एफ२ ने आत जाऊन आधी चालू करावा लागतो. नंतर पेनड्राइव्हवरच्या विंडोजच्या फायलीवरून इन्स्टॉलर उघडून पाहिला तर डिस्कच दिसेना. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसतो. मिंटला मात्र ती डिस्क व्यवस्थित दिसली. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तो ड्रायव्हर उतरवून, झिप सोडवून पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला. ‘लोड ड्रायव्हर’ म्हणून तो दाखवला की डिस्क येते.

गेलेल्या फोटोंसाठी फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं साधन चालवून पाहिलं. काही नाही. एसएसडीवर पुसलेली जागा ट्रिम नावाच्या सोयीमुळे खरोखर रिकामी केली जाते, वर नवं विंडोजही बसलेलं. ताई काही बोलली नाही, चहा टाकायला उठली.

मेव्हण्यांच्या लॅपटॉपवर सगळं पहिल्या फटक्यात चाललं. फक्त मिंटमध्ये त्यांची सी ड्राइव्ह नुसती वाचता येत होती, लिहिता येत नव्हती. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं. शिफ्ट दाबून शट डाउन केलं की काम होतं.

पाचवं मशीन तासगावला आत्येभावाच्या डीटीपीच्या दुकानात. ‘पुढच्या आठवड्यात येतो रे दादा’ म्हणालो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. पाचवं मशीन, खरी वेळ

मी जायच्या आधीच दादाचा फोन आला. लग्नसराई, चौदा पत्रिका हातात, आणि सकाळी लाईट जाऊन आल्यापासून मशीन चालू होत नाही. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी नावालाच. ऑफिस सुटल्यावर साडेसहाला पोचलो.

माझी पहिली चूक. बूट (विंडोज सुरू करून देणारा भाग) बिघडलं असणार असं मनाशी धरूनच बसलो. विंडोजच्या फायलीवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून बूटरेकची फिक्सबूट आज्ञा दिली. ‘ॲक्सेस इज डिनाइड.’ यूईएफआय मशीनवर हे नेहमीचंच आहे, तिथे बीसीडीबूट वापरायचं असतं. ते चालवलं तर पाच मिनिटं नुसतं थांबून राहिलं. मग चेकडिस्क ही डिस्क तपासणारी आज्ञा लावली. तासाभराने दादाच म्हणाला, ‘हा टकटक आवाज आधी नव्हता.’

सगळ्यात आधी करायचं ते मी तासाभराने केलं : सिस्टीमरेस्क्यू चालू करून स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत बघितली. पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचताना अडलेल्या जागा, २१२. डिस्क मरायला टेकली होती आणि मी तिच्याकडून चेकडिस्कच्या दंडबैठका काढून घेत होतो.

लगेच थांबलो. दादाने दुकानं बंद व्हायच्या आत धावत जाऊन १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणली, ४,७०० रुपये. आता डीडीरेस्क्यू. हे साधन बिघडलेल्या डिस्कची प्रत काढताना अडलेल्या जागा आधी सोडून देतं, चांगलं आहे ते पटापट उचलतं आणि मग अडलेल्या जागांकडे परत येतं. कुठे पोचलो याची नोंद मॅप फाईलमध्ये ठेवतं.

यात जिवावर बेतणारी गोष्ट एकच : कुठून कुठे. क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर भरवसा ठेवू नका, रिस्टार्ट केल्यावर ती बदलतात. माझ्या समोरच बदलली. एलएसबीएलके आज्ञेने आकार आणि मॉडेल दाखवून घेतलं, कागदावर लिहिलं, दादाला मोठ्याने वाचायला लावलं, मग एंटर.

सव्वानऊला सुरू. साडेअकराला लाईट गेली. यूपीएसने चाळीस सेकंद काढले.

माझी दुसरी चूक : प्रत बाहेरच्या डिस्कवर जात होती, पण मॅप फाईल मी फोल्डर न देता नुसत्या नावाने दिली होती. ती पेनड्राइव्हवरून चाललेल्या सिस्टीममध्ये, म्हणजे रॅममध्ये होती. लाईटबरोबर तीही गेली. सव्वादोन तासांचं काम डिस्कवर असूनही काय झालंय काय राहिलंय याचा पत्ता नाही, म्हणून पहिल्यापासून. मरत्या डिस्कवर दुसऱ्यांदा तीच वणवण.

शेजारच्या मेडिकलवाल्यांकडे इन्व्हर्टर आहे. त्यांच्या माळ्यावरून वायर ओढली. रात्री बाराच्या आसपास पुन्हा सुरू केलं, या वेळी मॅप फाईल बाहेरच्या डिस्कवर. दुकानातच कागदाच्या रिमांवर झोपलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी नऊपर्यंत चांगला भाग उचलून झाला. मग अडलेल्या जागांवर तीन-तीन प्रयत्नांची फेरी, दुपारी दोनपर्यंत. शेवटी सुमारे ११ एमबी हाती लागलं नाही. ५०० जीबीत ११ एमबी, मी तिथल्या तिथे दादाच्या पाठीवर थाप मारली.

त्याने दरम्यान नवी एसएसडी आणून ठेवली होती. माझ्याच सांगण्यावरून, ‘पाचशेच्या आसपासची आण.’ ती निघाली ४८० जीबीची. जुनी डिस्क ५,००,१०,७८,६२,०१६ बाइटची, प्रतही तेवढीच. ४८० मध्ये ती मावत नाही, वीस जीबी कमी पडतात. विभाग आकसून बसवता येते, पण रात्रभर जागलेल्या डोक्याने ते करायचं नव्हतं. दुकानदाराने ३५० रुपये वर घेऊन ५०० जीबीची बदलून दिली, एकूण ३,४५०.

प्रत एसएसडीवर उतरवायला दीड तास. मग विंडोजच्या फायलीवरून कमांड प्रॉम्प्ट. इथेही एक खड्डा आहे : या वातावरणात ड्राइव्हची अक्षरं वेगळी असतात. दादाचं विंडोज तिथे डी होतं आणि मी सी, सी करत बसलो होतो. डिस्कपार्टमध्ये यादी काढून बघा. डी वर चेकडिस्क, यूईएफआयच्या छोट्या फॅट३२ विभागाला एस हे अक्षर, आणि बीसीडीबूटला सांगायचं की विंडोज डी वर आहे, बूटच्या फायली एस वर लिही. दोन सेकंदांत झालं. आदल्या संध्याकाळी हीच आज्ञा पाच मिनिटं अडकली होती.

पावणेसहाला विंडोज उघडलं. पत्रिका मांडायचं कोरल उघडलं, फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) मुकाट चालला. एकाच पत्रिकेची फाईल उघडेना, तिची पीडीएफ गिऱ्हाईकाच्या व्हॉट्सॲपवर मिळाली. मशीनवर विंडोज १० च आहे, ज्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. प्रोसेसर सातव्या पिढीचा, त्यामुळे विंडोज ११ च्या नियमात बसत नाही. ‘लग्नं उरकू देत, मग बघू,’ दादा म्हणाला. यूपीएसची बॅटरी मात्र त्याने त्याच संध्याकाळी बदलली.

२३ नोव्हेंबर, रविवार

पेनड्राइव्ह दुरुस्त केला, म्हणजे त्याच्याभोवतीच्या गोष्टी. एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पाचही मशिनांची माहिती लिहिली : कुठली की दाबायची (आमच्याकडे डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप, एसरला एफ१२ पण आधी बायोसमध्ये चालू करून), सिक्युअर बूटची किल्ली नोंदवली की नाही, बिटलॉकर आहे का आणि असल्यास किल्लीचा कागद कोणाच्या घरी. काकांच्या पुढे ‘मागचा पोर्ट’. सगळ्यात वर लाल शाईने : ‘आधी स्मार्टसीटीएल.’

पेनड्राइव्हवर एक साधी मजकुराची फाईलही ठेवली, डीडीरेस्क्यूची पूर्ण आज्ञा मॅप फाईलच्या जागेसकट. रात्री अकरा वाजता आठवत नाही.

माझा खर्च ५६० रुपये, बटणबॅटरी धरून. दादाचा ८,१५०, शिवाय यूपीएसची बॅटरी. वेळ : तीन शनिवार-रविवार आणि एक रात्र. बरोबर केलं असतं तर दोन संध्याकाळी पुरल्या असत्या.

१४ डिसेंबर, रविवार

दादाच्या मुलाने मित्राच्या मशीनसाठी पेनड्राइव्ह नेला होता, आज परत आला. व्हेंटॉयच्या पेनड्राइव्हवर साध्या फायलीही ठेवता येतात, हे मीच त्याला कौतुकाने सांगितलं होतं. आत कुणाच्यातरी हळदीचा भलामोठा व्हिडिओ आहे. जागा पुरेना म्हणून त्याने ‘सगळ्यात मोठी फाईल’ उडवली, ती विंडोज ११ ची. व्हिडिओ त्याला पाठवून इथून काढला. फाईल परत कॉपी होतेय, अकरा मिनिटं दाखवतंय.